एकाच दुखण्याला दोन बाटल्या

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे अंडाशयाच्या कॅन्सरवरच्या औषधांच्या जोडीचा. पण सुरुवात मावशीपासूनच करतो, कारण हा प्रश्न तिचा आहे.

मावशी सोलापुरात साखर पेठेत टॉवेलच्या मागांसाठी कांड्या भरायची. तिचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं. पाच महिने तिला ॲसिडिटीच्या गोळ्याच मिळत राहिल्या. पोटात पाणी झालं, तेव्हा कुठे सोनोग्राफी. माझा तो राग अजून गेलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७पासून कॅन्सरची नोंद ठेवली जाते. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. आणि तरी बाईचं पोट फुगलं की आपण 'गॅस झालाय' म्हणून मोकळे होतो! बसल्या आहात त्या सगळ्या बायांना सांगतो, दोन-तीन आठवडे असं राहिलं तर सोनोग्राफी मागून घ्या.

तर केमोचा पहिला दिवस. आधी पॅक्लिटॅक्सेल, तीन तास. मग कार्बोप्लॅटिन. कांडीवरचा धागा बघावा तशी मावशी थेंब बघत होती. म्हणाली, "एकाच दुखण्याला दोन बाटल्या कशाला रे? एकच जोराची देत नाहीत का?" तिथं कुणी तिला उत्तर दिलं नाही. मी तेव्हा प्रयोगशाळेत हेच काम करत होतो, तरी मलाही पटकन सोपं सांगता आलं नाही.

पाचच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

१९६५ साली रोझेनबर्ग या शास्त्रज्ञांना दिसलं, की प्लॅटिनमच्या पट्ट्यांजवळचे जिवाणू लांबच लांब वाढतात, पण दुभंगत नाहीत. त्यातून सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आलं, पुढे कार्बोप्लॅटिन. ही औषधं डीएनएला गाठी मारतात. पॅक्लिटॅक्सेलचा मार्ग वेगळा: पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणारे दोर ते सुटूच देत नाही. एकच औषध जोराचं दिलं, तर रक्त तयार करणारी मज्जाही भाजून निघते. शिवाय कॅन्सरची पेशी शिकते. ग्लुटाथायोन नावाचं आपलंच एक द्रव्य वाढवून प्लॅटिनमला धरून निकामी करते, मारलेल्या गाठी सोडवते. दोन वेगळ्या औषधांच्या वाटा एकदम बंद करणं त्या पेशीला जड जातं.

पण कुठलीही दोन औषधं जमत नाहीत. आम्ही ९६ खळग्यांच्या ताटलीत पेशी वाढवतो, औषध घालतो, मग पिवळं द्रावण. जिवंत पेशी ते जांभळं करतात. औषधाला दाद न देणाऱ्या चिवट पेशींच्या ओळीत नुसत्या सिस्प्लॅटिननंतरही जांभळं दिसायचं. जोडीच्या ओळीत पिवळं राहिलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यावरून आकडा काढतात: एकापेक्षा कमी, तर औषधं एकमेकांचं बळ वाढवतात, एक, तर नुसती बेरीज, जास्त, तर एकमेकांच्या पायात पाय.

क्रमही महत्त्वाचा. सिस्प्लॅटिन आधी दिलं, तर पॅक्लिटॅक्सेलचा शरीरातून निचरा मंदावतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जास्त घसरतात. म्हणून घरचा काढा, चूर्ण काहीही चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. तेही तिसरं औषधच आहे.

त्या मागच्या मावशींचा हात केव्हाचा वर आहे. बोला.