नाव खाटकाचं, झाड मेरी ॲनचं

इंग्लंडमध्ये ‘पाय’ किंवा ‘क्रंबल’ या भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थांसाठी सफरचंद घ्यायचं म्हटलं की बहुतेक घरांत ब्रॅमलीच आणतात. हिरवंगार, कधी एका अंगाला लालसर झाक असलेलं, चांगलं मोठं आणि वेडंवाकडं फळ. कच्चं चावलंत तर दात आंबतील, कारण त्यात मॅलिक आम्ल भरपूर आणि साखर कमी. पण शिजवा. खायच्या सफरचंदाच्या फोडी बहुधा फोडीच राहतात. ब्रॅमलीच्या फोडी बघता बघता विरघळतात आणि हलका, फुगीर गर होतो. त्यात सढळ हातानं साखर घातली तरी आंबटपणा जात नाही. गोड सफरचंदाचा पाय मला तरी मिळमिळीतच वाटतो.

आता हे नाव कुठून आलं बघा. नॉटिंगहॅमशरमधलं साउथवेल हे लहानसं गाव. १८०९च्या सुमारास तिथल्या मेरी ॲन ब्रेल्सफोर्ड या मुलीनं सफरचंदाच्या बिया रुजवल्या, त्यातल्या एका रोपाचं हे झाड झालं. १८४६मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकानं घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा रोपवाटिकेवाल्यांचा सतरा वर्षांचा मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला. ब्रॅमली म्हणाला, ने, पण फळाला नाव माझं दे. बी रुजवलं दुसरीनं, कलमं बांधणार तिसरा, आणि नाव मधल्याचं! मेरी ॲन १८५२मध्येच वारली होती. तिला यातलं काहीच कळलं नाही.

मेरीवेदरनं मात्र शब्द पाळला. ३१ ऑक्टोबर १८६२ला त्याच्या वहीत ब्रॅमलीच्या विक्रीची पहिली नोंद आहे. १८७६मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकाम संस्थेच्या फळसमितीनं या सफरचंदाची वाखाणणी केली आणि मग त्याची लागवड वाढत गेली. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यातल्या ब्रॅमलीला २०१२मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

कोय लावून हापूस मिळेलच असं नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, सफरचंदाचंही तसंच. म्हणून जगातला प्रत्येक ब्रॅमली हा कलमाकलमानं पसरलेला, त्या साउथवेलच्या झाडाचाच तुकडा आहे. त्यातून हे झाड त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलं. त्याचा पराग जवळजवळ निकामी. त्याला फळ धरायला शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतंच, आणि ब्रॅमली त्या शेजाऱ्याला पराग देऊ शकत नाही. मग शेजाऱ्यासाठी तिसरं झाड लावा! हौशी बागवान इथेच फसतात.

मूळ झाड १९००च्या वादळात कोसळलं, पण मेलं नाही. पडल्या खोडातूनच पुन्हा वाढलं. आता त्याला हनी फंगस या बुरशीनं ग्रासलंय. त्या रोगावर औषध नाही, म्हणून २०१८मध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठानं त्या बागेची निगा हाती घेतली. त्याआधीच नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ऊतीसंवर्धनानं, म्हणजे झाडाचा बारीकसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून, त्याच झाडाची रोपं तयार करून ठेवली होती.