सिगारेट सुटली, चहाचं काय?

(समुपदेशकांच्या प्रशिक्षण शिबिरातलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘धूम्रपान सोडलेल्यांना पहिल्या तीन महिन्यांत आधार’. तो मी घेणारच आहे. पण आधी चहाबद्दल बोलतो. (हशा) हसताहेत त्यांनी मला पूर्वी ऐकलंय, हे उघड आहे.

एक कारकून माझ्याकडे यायचे. पन्नाशीचे, दिवसाला दोन पाकिटं. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. क्लायंट म्हणायचं की अशील, यावर आपल्यात वाद आहेत. मला अशील म्हटलं की काळा कोट घालावासा वाटतो. तर भाऊसाहेबांनी एका सोमवारी सिगारेट सोडली. मी खूश. अकराव्या दिवशी वहिनी एकट्याच आल्या. म्हणाल्या, “सर, ह्यांना परत ओढू द्या. सिगारेटवाला नवरा परवडला.” रात्री दोनला उठून येरझाऱ्या घालायचे, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे, छातीत धडधडतंय म्हणायचे. धडधडीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं, ईसीजी निघाला उत्तम. उरलेल्यावर मी माझी ठरलेली टेप लावली: निकोटीन सुटल्याचा त्रास पहिल्या आठवड्यात जोरात असतो, तीन-चार आठवड्यांत ओसरतो, धीर धरा. सांगितलं ते खोटं नव्हतं. वहिनी मान डोलावून गेल्या आणि विसाव्या दिवशी भाऊसाहेबांनी टपरीवर पेटवली.

ते परत आले तेव्हा मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलो. उपदेश बाजूला ठेवला आणि कालचा दिवस तासातासाने विचारला. उठल्यावर चहा. आंघोळीनंतर चहा. कचेरीत साहेब आले की चहा, साहेब गेले की चहा. मोजले तर नऊ! पूर्वी सहा होते. वरचे तीन कुठून आले? वहिनी शेजारीच बसल्या होत्या. “तलफ आली असं दिसलं की मी लगेच आधण ठेवते. सिगारेट नाही, निदान चहा तरी.” केवढं प्रेम! आणि त्याच प्रेमानं माणूस रात्रभर जागा.

कारण असं, की तंबाखूच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त काम करतं. तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफीन निपटतं. म्हणून ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन लवकर जातं. धूर थांबला की आठवड्याभरात एन्झाइम मूळ चालीवर येतं आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. भाऊसाहेबांचे तर कपही दीडपट. झोप नाही, चिडचिड, धडधड, हात थरथरणं. निकोटीन सुटल्यावर झोप उडते, चिडचिड होते, तशीच ही. दोन्हींचं खापर ‘सोडण्या’वर फुटतं. हा खेळ धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे तलफ भागवायला आपण देतो ते निकोटीनचं च्युइंगम यात वाचवत नाही, आणि नुसती तंबाखू मळणाऱ्याला हे लागू नाही.

मग चहा सोडा म्हणायचं? अजिबात नको. एकाच महिन्यात सिगारेट आणि चहा दोन्ही सोडायला सांगितलंत तर तो तुम्हालाच सोडेल. (हशा) कप निम्मे, किंवा प्रत्येक वेळी कटिंग. दुपारी चारनंतर नाही. आणि चहा घ्यायची जागा बदला. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली, चांगलंच झालं. पण कचेरीतली सिगारेट गेली टपरीवर, चहाच्या शेजारी. ती गाठ आपल्यालाच सोडवायची आहे. भाऊसाहेबांनी साखर निम्मी केली नाही, पण कप चारवर आणले. तिसऱ्या रात्री झोपले.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. आता तो छापलेला विषय.

तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात हाताला काम द्या, पाणी द्या. एखादी ओढली तर “परत पहिल्यापासून” म्हणू नका. कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय झालं, एवढंच विचारा. बारा दिवस झाले म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार तर मुळीच करू नका. तेराव्या दिवशी घसरलेला माणूस तोंड लपवतो आणि आपल्याकडे यायचा थांबतो. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, हे आधीच सांगा. च्युइंगम चघळत सुटायचं नसतं: थोडं चावा, झिणझिण्या आल्या की गालात धरा. गालात धरणं आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, आणि भीती तीच आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे साधारण ४ टक्के, धूरविरहित तंबाखूवाले २४. सिगारेट सुटली म्हणताना मिश्री किंवा मळलेली तंबाखू सुरू झाली नाही ना, हे विचाराच.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यावरचं थिओफिलिन ही औषधंही तेच एन्झाइम निपटतं. क्लायंट यांपैकी काही घेत असेल तर सोडण्याआधीच त्याच्या डॉक्टरांना कळवा. मात्रा कमी करावी लागू शकते. ते आपण ठरवायचं नाही. तुम्हाला फारच फोन येऊ लागले तर तंबाखू सोडणाऱ्यांसाठी राष्ट्रीय क्विटलाइनही आहे, फोन मोफत: १८००-११-२३५६. फळ्यावर लिहितो, खडू कुठाय?