सिमकार्ड देवघरात आणि आपण म्युनिकला

नमस्कार मंडळी. मला बोलवलंय ते परगावी गेल्यावर ईमेल कसा बघायचा यावर बोलायला, आणि मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो. मी औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला, स्टेशनजवळ चौदा वर्षं सायबर कॅफे चालवला, 1999 ते 2013. सहा मशीन, एक मॉडेम आणि एक यूपीएस, ज्याची बॅटरी कायम उतरलेली. वेरूळ-अजिंठा बघून आलेली माणसं संध्याकाळी लॉजवर अंघोळ-बिंघोळ उरकून माझ्याकडे यायची मेल बघायला, त्यामुळे बाहेरगावी माणूस मेल उघडताना काय काय घोळ घालतो ते मी त्याच्या पाठीशी उभं राहून बघितलंय. मुद्दाम नाही हो, जागाच तेवढी होती.

आता तुम्ही म्हणाल मेल काय कुठूनही बघता येतो. तेव्हा येत नव्हता. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं 15 ऑगस्ट 1995 ला, आणि तेव्हाची पद्धत अशी की मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, उतरला की तिकडच्या सर्व्हरवरून तो जायचा. म्हणजे पोस्टमन पत्र टाकून गेला तसं. तुम्ही गावाला गेलात तर पत्रं घरात, तुम्ही बाहेर. एकदा पुण्याचे एक औषध कंपनीचे साहेब आले, हुशार माणूस, त्यांनी माझ्या तीन नंबरच्या मशीनवर आउटलुक एक्सप्रेसमध्ये, म्हणजे मेल उतरवून घ्यायच्या प्रोग्राममध्ये, स्वतःचं अकाउंट टाकलं, सगळे मेल आले, वाचले, खूश होऊन गेले. चार दिवसांनी त्यांचा फोन, अहो माझे मेल ऑफिसात दिसतच नाहीयेत! दिसणार कसे, सगळे माझ्याकडे उतरले होते. 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' म्हणून एक बारीक खूण करायची असते, ती त्यांनी केली नव्हती. मग मी ते एकेक करून त्यांना परत पाठवत बसलो आणि मध्ये दोनदा लाईट गेली.

या भानगडीतून सुटका केली हॉटमेलने. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ते 4 जुलै 1996 ला सुरू केलं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, आणि कल्पना साधीच होती की मेल कॉम्प्युटरवर नको, वेबसाइटवर ठेवा, मग माणूस कुठेही असो. माझा धंदा खरं तर त्यांच्याच जिवावर चालला. जागा मात्र फक्त 2 एमबी, आजचा एक फोटो मावायचा नाही त्यात. कोणीतरी घरून कुत्र्याचे फोटो पाठवले की डबा भरला, पुढचे मेल परत. लोक पहिली दहा मिनिटं जुने मेल पुसण्यातच घालवायचे, मीटर चालू! 2004 च्या 1 एप्रिलला जीमेल आलं, 1 जीबी फुकट, लोकांना वाटलं एप्रिलफूल आहे.

एक जर्मन बाई आठवतात. पासवर्ड घेईना म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. तीन दिवस घरी खबर नाही आणि मशीन म्हणतंय चूक, चूक. मी म्हटलं पासवर्ड मला सांगू नका, पण त्यात झेड किंवा वाय आहे का? त्या बघतच राहिल्या. जर्मन कीबोर्डवर ही दोन अक्षरं अदलाबदल झालेली असतात, त्या सवयीने न बघता टाइप करत होत्या आणि पासवर्डच्या जागी तर नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं. हेच उलटं आपलं होतं. मुलाकडे जर्मनीला गेलात आणि लायब्ररीतल्या मशीनवर बसलात तर 'ॲट'ची खूण सापडत नाही, शिफ्ट आणि 2 दाबलं तर अवतरणचिन्ह येतं. ती असते क्यू वर, उजवीकडचं ऑल्ट जीआर दाबून.

दुसरी गोष्ट, ही जरा गंभीर आहे. कॅफेतल्या मशीनवर लॉगिनच्या चौकटीत नुसता 'ए' दाबला की खाली यादी उघडायची, ए वरून सुरू होणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे मेल आयडी. आणि पासवर्ड लक्षात ठेवू का असं मशीनने विचारलं की माणसं बिनदिक्कत 'हो' दाबायची, का तर पुढे जायची घाई. मी रोज रात्री शटर ओढल्यावर सगळं पुसायचो, पण सगळेच मालक पुसत असतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. 2011 मध्ये सरकारने नियम आणले, ओळखपत्र बघा, रजिस्टर वर्षभर जपा, आणि केबिनची पार्टिशनं साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. सुतार बोलावून कापून घेतली मी. पण दोन वर्षांत फोनवरच मेल यायला लागले, मग पार्टिशन कोणाला हवंय.

तुम्ही म्हणाल आता कॅफेच नाहीत तर हे कशाला सांगतोय. लॉजच्या रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर आहे ना! तिकिटाची प्रिंट हवी म्हणून आपण तिथे जीमेल उघडतो, प्रिंट निघते, तेवढ्यात रिक्षा येते, की पळालो. तसं करूच नका, तिकीट त्या लॉजवाल्याच्या मेलवर पाठवा, तो प्रिंट काढून देतो. आणि उघडं राहिलंच तर फोनवरून गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जा, 'युअर डिव्हाइसेस' म्हणून यादी असते, तिथून ते मशीन बाहेर काढता येतं. वायफायची भीती मात्र लोकांना जरा जास्तच घातलेली आहे असं माझं मत. जीमेल 2010 पासून आपोआप कुलूपबंद वाटेनेच जातंय, म्हणजे मधल्यामध्ये कोणाला वाचता येत नाही, त्यामुळे विमानतळाच्या वायफायवर मेल वाचला म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. दुसऱ्याचं मशीन हा खरा धोका.

आणि आता माझी स्वतःची फजिती. 2022 ला मुलाकडे म्युनिकला गेलो, त्याने तिथलं सिम घालून दिलं, आपलं सिम हरवू नये म्हणून मी ते निघतानाच काढून घरी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं, अगदी कापडात गुंडाळून. तिकडे फोन पडला, नवीन घेतला, जीमेल उघडायला गेलो तर नवा फोन, नवा देश, गुगलला संशय आला, म्हणे तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय. नंबर देवघरात! मेहुण्याला किल्ली घ्यायला शेजारी पाठवलं, त्याने सिम स्वतःच्या फोनमध्ये घातलं, तर रिचार्ज संपलेला, मेसेजच येईनात. रिचार्ज केला. मग तो व्हॉट्सॲपवर कोड वाचून दाखवणार तर चष्मा नाही, सहा की आठ, आठ की शून्य, तोवर कोडची मुदत गेली. चौदा वर्षं लोकांना मेल उघडून दिले आणि स्वतःचा उघडायला तीन दिवस लागले, सूनबाई अजून हसते.

तर निघायच्या आधी घरच्या टेबलावर बसून करायचं ते हे. आपलं सिम बरोबर न्यायचं, परतेपर्यंतचा रिचार्ज मारायचा आणि इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे ना ते विचारून घ्यायचं. दुसरं, गुगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, म्हणजे मेसेजमधल्या कोडऐवजी टाकायचे राखीव आकडे, एक कोड एकदाच चालतो, त्याला ना सिम लागतं ना रेंज. ते कागदावर उतरवा. हो, कागदावर, पेनाने. फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तर फोन पडल्यावर फोटोही पडला. असे कोड फोनमध्येच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲपही चांगलं आहे, दर तीस सेकंदांनी नवा आकडा, इंटरनेट नसलं तरी चालतं, पण तेही फोनमध्येच.

मागून ताई विचारतायत, कोडचा कागदच हरवला तर? घरी येऊन नवे दहा काढायचे, जुने आपोआप रद्द होतात. आमचा कागद बायकोच्या पर्समध्ये असतो, औषधांच्या चिठ्ठीच्या घडीत. माझ्या पाकिटात ठेवायला ती तयार नाही, आणि मी वाद घालत नाही, कारण मनमाडला पाकीट मारलं होतं ते माझंच.