वर्गमूळ घेऊन वर्गसमीकरण सोडवणे: दोन उत्तरांपैकी कोणते ठेवायचे?

नमस्कार. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणे सोडवण्यासाठी अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे अशा पद्धती आपण शिकतो. परंतु समीकरणात क्ष चे मधले पद नसेल, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले की काम भागते.

फलकावर ३क्ष² = ७५ हे समीकरण पाहा. प्रथम क्ष² एकटा करून घ्यावा, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागू.

क्ष² = २५

येथे घाईघाईने क्ष = ५ लिहिले, तर अर्धे उत्तर हातचे जाते. २५ डावीकडे आणल्यास (क्ष − ५)(क्ष + ५) = ० असे मिळते आणि गुणाकार शून्य असल्यामुळे दोहोंपैकी एक कंस शून्य असलाच पाहिजे; म्हणून क्ष = ५ किंवा क्ष = −५. मात्र √२५ = ±५ असे कधीही लिहू नये. √ हे चिन्ह धन वर्गमूळच दाखवते, त्यामुळे √२५ म्हणजे फक्त ५. ± हे चिन्ह आपण स्वतः लावतो, कारण मूळ संख्या धन होती की ऋण हे तिच्या वर्गावरून कळत नाही.

उजवीकडे ऋण संख्या आली, उदाहरणार्थ क्ष² = −९, तर वास्तव संख्यांमध्ये उकल नाही. पुढे जाऊ.

वर्ग एका क्ष चाच असावा असे नाही. तो संपूर्ण कंसाचाही असू शकतो.

(क्ष − ४)² = ७

हा कंस पाहताक्षणी विस्तारण्याचा मोह होतो, तो टाळावा. विस्तार केल्यास क्ष² − ८क्ष + ९ = ० मिळते आणि त्याचे पूर्णांकी अवयव पडत नाहीत, म्हणजे सुटत आलेला गुंता आपणच पुन्हा वाढवतो. त्याऐवजी थेट वर्गमूळ घ्या: क्ष − ४ = ±√७, म्हणून क्ष = ४ + √७ किंवा क्ष = ४ − √७.

आता शाब्दिक उदाहरण घेऊ. ४४.१ मीटर उंचीवरून सोडलेला दगड किती सेकंदांत जमिनीवर पडेल? हवेचा रोध सोडून दिल्यास दगड क्ष सेकंदांत ४.९क्ष² मीटर खाली येतो, म्हणून ४.९क्ष² = ४४.१, म्हणजे क्ष² = ९ आणि क्ष = ±३. समीकरणाला दोन्ही उत्तरे सारखीच मान्य आहेत. −३ वगळतो तो आपण, कारण वेळ दगड सोडल्यापासून मोजायची आहे. हे कारण उत्तरपत्रिकेत एका वाक्यात लिहावे, नुसती काट मारू नये.

ऋण उत्तर टाकून द्यायचे, एवढाच नियम पाठ केला तर मात्र फसगत होईल. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तेवढे वानर गुहेत गेले आणि एक वानर बाहेर दिसत आहे, तर कळपात एकूण वानर किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

येथे क्ष दोन्ही बाजूंना असल्याने लगेच वर्गमूळ घेता येत नाही. पूर्ण वर्ग केल्यावर (२क्ष − ५५)² = २०२५ असे रूप येते आणि मग आपली पद्धत लागू पडते: २क्ष − ५५ = ±४५, म्हणून क्ष = ५० किंवा क्ष = ५.

दोन्ही उत्तरे धन आहेत आणि दोन्ही समीकरणात बसतात. तरीही भास्कराचार्य ५ हे उत्तर स्वीकारत नाहीत, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात, आणि उणे दोन वानर कोणी मोजू शकत नाही. ५० घेतल्यास १० मधून ३ जाऊन ७ उरतात, ४९ वानर गुहेत जातात आणि एक बाहेर राहतो.