एकोणिसावा आला तरच शर्यत होते

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडात नॉर्थँप्टनशायरला, सिल्व्हरस्टोनच्या सर्किटपासून वीस-पंचवीस मिनिटांवर आमचं घर आहे. मार्च उजाडला की आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट मांडायला जागा उरत नाही. लॅपटॉप, एंट्रीच्या याद्या, गाड्यांवर चिकटवायच्या स्टिकरांचं खोकं आणि एक जाडजूड फाइल. घरचे म्हणतात, हिचं मंडळ बसलं. ते काही खोटं नाही. माझ्या माहेरी, इचलकरंजीला, गणपतीच्या आधी महिनाभर वडिलांच्या गॅरेजमध्ये असंच चालायचं. वर्गणीचं पुस्तक, परवानगीचे कागद, आणि यंदा अमका देणार की तोंड लपवणार, याची काळजी. इथलं मंडळ जुन्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींचं आहे, एवढाच काय तो फरक.

जुन्या म्हणजे कुठल्या, ते आधी सांगते. एका माणसापुरती जागा, चारही चाकं उघडी, लोखंडी नळ्या जोडून केलेला सांगाडा, इंजिन पाठीमागे. फॉर्म्युला फोर्ड म्हणतात त्यांना. साठच्या दशकात इंग्लंडात रेसिंग शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. पोरं शिकायची, चुकायची, आणि दर चुकीला शाळेचं महागडं रेसिंग इंजिन मोडीत निघायचं. मग अशी एक शाळा चालवणारे जेफ क्लार्क आणि ब्रँड्स हॅच सर्किटचे जॉन वेब यांच्या डोक्यात आलं, की रस्त्यावरच्या फोर्ड कॉर्टिनाचंच इंजिन यात का घालू नये? गाडीची किंमत हजार पौंडांत बसवायची आणि टायरही साधेच ठेवायचे. २ जुलै १९६७ ला ब्रँड्स हॅचवर पहिली शर्यत झाली. लोटस ५१ घेऊन रे ॲलन जिंकला.

पुढच्या चार-पाच वर्षांत हे खूळ जगभर पसरलं. जेम्स हंट याच वर्गातून वर गेला. ब्राझीलहून आलेला एमर्सन फिटिपाल्डी १९६९ मध्ये मर्लिन नावाच्या गाडीत बसला. तीच गाडी १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जोडी शेक्टरकडे होती. तिघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. पण आमच्या टेबलावरच्या याद्यांत जगज्जेते नसतात. तिथे निवृत्त प्लंबर असतात, दातांचे डॉक्टर असतात, एखादा शेतकरी असतो, आणि वडिलांची गाडी वारशाने मिळालेली एखादी मुलगी असते.

या देशात जुन्या गाड्यांच्या शर्यती मुख्यतः क्लब भरवतात. व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ चा, हिस्टॉरिक स्पोर्ट्स कार क्लब १९६६ चा. आमच्या वर्गात १९७१ अखेरपर्यंतच्याच गाड्या घेतात. एप्रिल ते ऑक्टोबर मोसम चालतो. आज ब्रँड्स हॅच, पुढच्या महिन्यात कॅडवेल पार्क, मग औल्टन पार्क. मोसमभराचे गुण मोजतात आणि शेवटी एकाला करंडक मिळतो.

आता यातली मेख ऐका. चॅम्पियनशिप म्हटलं की लोकांना पहिला कोण आला तेवढं दिसतं. मला एकोणिसावा दिसतो.

सर्किट दिवसाच्या भाड्याने घ्यावं लागतं, आणि भाडं मजबूत असतं. त्या दिवसात दहा-बारा वेगवेगळ्या वर्गांच्या शर्यती बसवतात आणि भाडं सगळ्यांवर वाटतात. म्हणजे प्रत्येक वर्गाने आपला वाटा उचलायचा. आमच्या हिशेबाने अठरा-वीस गाड्या आल्या की वाटा निघतो. चौदा आल्या की क्लबच्या ऑफिसातून फोन येतो, आवाज गोड असतो, आणि मला कळतं की आता आपल्याला दुसऱ्या कुणाच्या पंगतीत बसवणार. पहिल्या पाचांना बोलवावं लागत नाही, ते करंडकासाठी येतातच. अडतं ते चौदापासून एकोणीसपर्यंतच्या माणसांवर. त्यांना काही मिळायचं नसतं. टायर घासणार, पेट्रोल जाळणार, हॉटेलचे पैसे भरणार आणि रविवारी संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाणार. अशी माणसं का येतात, ते ज्याला उमगलं त्याला चॅम्पियनशिप चालवता येते.

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणते; तोंडावर म्हटलं तर रागावतील. एकदा कॅडवेल पार्कला त्यांच्या ट्रेलरपाशी उभी होते. पहाटेपासून रिपरिप चालू होती. त्यांनी गिअरबॉक्सचं मागचं झाकण काढलं होतं. हा ह्यूलँड कंपनीचा गिअरबॉक्स. त्याचं मूळ कवच फोक्सवॅगन बीटलचं, उलटं फिरवून बसवलेलं. झाकण काढलं की गिअरच्या जोड्या शाफ्टवरून बाहेर येतात आणि सर्किट पाहून दुसऱ्या घालता येतात. आजोबांनी जुन्या टॉवेलवर सगळ्या जोड्या ओळीने मांडल्या होत्या आणि एकेक उचलून दातांवरून अंगठा फिरवत होते, बाजारात आंबा बघावा तसा. तिसरी जोडी बदलली, झाकण लावलं, हात पुसले आणि मला म्हणाले, ‘‘आता टेकडीवर पाव सेकंद वाचेल.’’ वाचलं की नाही, ठाऊक नाही. एकोणिसावेच आले. पण संध्याकाळी त्या पाव सेकंदाबद्दल अर्धा तास बोलले.

अशा माणसाला टिकवायचं तर एक भरवसा द्यावा लागतो. तो भरवसा म्हणजे नियमपुस्तक. ऐतिहासिक शर्यतीत गाडी सुधारायची नसते. ती १९७० मध्ये जशी होती तशी ठेवायची असते, आणि हेच महाकठीण आहे. मोटारवाल्याचा हात स्वस्थ बसत नाही. अर्धा किलो कमी करू, बेअरिंग जरा बरं घालू, फ्लायव्हील थोडं तासू. प्रत्येक जण थोडंच करतो, पण थोडं थोडं करत पाच वर्षांत जुन्या कातडीत नवी गाडी तयार होते. मग ज्याच्याकडे पैसा आहे तो पुढे जातो, आणि एकोणिसावा म्हणतो, माझ्याने आता हे होत नाही. तो गेला की आमचं दुकान बंद.

म्हणून मोसमाच्या आधी नियम लिहून मोटरस्पोर्ट यूके या इथल्या शिखर संस्थेकडे मंजुरीला पाठवायचे. एकेका ओळीवर आमचे तीन-तीन फोन होतात. टायर सगळ्यांना एकाच जातीचा. मेल्कशॅम गावातला एव्हॉन टायरचा कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा पुढचे टायर कुठून येणार याच्या धास्तीने माझी फाइल दुप्पट जाड झाली होती. इंजिन सगळ्यांना तेच, १५९९ सीसी. त्यावर वेबरचा कार्ब्युरेटर. त्याच्या दोन नळ्यांचा गळा एक २६ मिलिमीटर, दुसरा २७. ते गळे ठरवतात की इंजिनाला हवा किती मिळणार. सुरक्षेच्या बाबतीत मात्र जुनेपणाचा हट्ट नाही. पट्टे, हेल्मेट, डोक्यामागची कमान, आग विझवायची सोय, हे सगळं आजचं. आजच्या माणसाची मान १९७० च्या नियमाने मोडू द्यायला कुणी तयार नाही, आणि ते बरोबरच आहे.

गाडी खरी कुठली, हाही एक घोळच. त्या काळी गाडी आपटली की वाकलेला सांगाडा वर्कशॉपच्या मागे फेकायचे, नवा आणून जुनी नंबरपट्टी त्यावर ठोकायचे. तीस वर्षांनी कुणीतरी तो गवतातला सांगाडा उचलतो, सरळ करतो, गाडी उभी करतो. आता एका नंबराच्या दोन गाड्या, आणि दोघांचीही बाजू खरी! सातबाऱ्यावर दोन नावं लागली की तलाठी कसा हात वर करतो, तसे आम्ही करतो आणि कागद जाणकारांकडे पाठवतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजून जड जातं. काही वर्षांपूर्वी मोसमाच्या मधल्या एका शर्यतीनंतर पहिल्या तीन गाड्या तपासणीला लागल्या. आमचे तपासनीस शांत गृहस्थ. त्यांच्या खिशात पितळेच्या दोन छोट्या खुंट्या असतात, मापाच्या. कार्ब्युरेटरच्या गळ्यात खुंटी घालायची; नियमाचं माप असेल तर ती अडते, गळा मोठा असेल तर आत जाते. पहिल्या गाडीत अडली. दुसऱ्या गाडीत ती टपकन आत गेली. आवाज अगदी बारीक, स्टीलच्या वाटीत सुपारी पडावी तसा. शेडमध्ये आम्ही सहा जण होतो, कुणी काही बोललं नाही. त्या ड्रायव्हरला स्वतःला ठाऊक नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. इंजिन दुसऱ्याने बांधलं होतं. पण नियमाला मन नसतं. निकाल रद्द झाला, गुण गेले.

तो गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे तीन मित्र. पुढच्या शर्यतीला आमच्या चौदाच गाड्या. फोन आला, आवाज गोड. आम्हाला फॉर्म्युला फोर्ड २००० बरोबर पळवलं. त्या गाड्यांना दोन लिटरचं इंजिन, पंख, रुंद गुळगुळीत टायर. आमच्या गाड्यांना यातलं काही नाही. म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत एस.टी. सोडायची. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण आजोबांना त्या गाड्यांनी तीनदा ओलांडलं, दर वेळी दोन्ही बाजूंनी एकदम. घरी जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या आठवड्यात मी बावीस फोन केले. कुणाची गाडी शेडमध्ये पडून आहे, कुणाच्या बायकोने शर्यत बंद करायला लावली आहे, कुणाचा इंजिनाचा ब्लॉक फुटला आहे. ब्लॉकवाल्याला सांगितलं की फोर्डच्या अमेरिकेतल्या रेसिंग विभागाने हा ब्लॉक पुन्हा ओतायला घेतला होता, शोध, मिळेल. त्याला मिळाला. शेजारच्या क्लबमधल्या दोघांना एका शर्यतीपुरतं पाहुणे म्हणून बोलावलं. आणि तपासणीत सापडलेल्या त्या माणसालाही फोन केला. तो फोन माझ्याच्याने पाच मिनिटं लागत नव्हता, बटण दाबून परत बंद करत होते. त्याने ऐकून घेतलं, फार बोलला नाही. ऑक्टोबरात आला, नवा कार्ब्युरेटर घालून. स्वतःहून तपासनीसांकडे गाडी घेऊन गेला.

त्या दिवशी एकवीस गाड्या होत्या.

शर्यतीचा दिवस कसा असतो विचाराल, तर सकाळी सात वाजता रांगेने. आधी गाडीची तपासणी, मग आवाजाची. सायलेन्सरपाशी मीटर धरतात. सर्किटशेजारच्या गावांशी ठरलेली मर्यादा ओलांडली की गाडी परत. आपल्याकडच्या डीजेवाल्यांना एकदा इथे आणायला हवं! मग पंधरा मिनिटांची पात्रता फेरी, दुपारी वीस मिनिटांची शर्यत. वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप. आणि या सगळ्या वेळात वळणावळणावर नारिंगी कपड्यांतले मार्शल उभे, पाऊस असो, ऊन असो. पगार नाही. पिवळा झेंडा दाखवायचा, गाडी मातीत रुतली तर ढकलायची, आग लागली तर धावायचं. ही माणसं एक दिवस आली नाहीत तर देशातली एकही शर्यत सुटणार नाही.

कधी सुट्टीत घरी आले की लोक विचारतात, आपल्याकडे असं का नाही? गाड्या नव्हत्या असं नाही. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. सिल्व्हरस्टोनही तसलीच धावपट्टी. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून एकाच माणसापुरत्या रेसिंग गाड्या बांधल्या, नारायण कार्तिकेयन तसल्याच गाडीतून वर आला. त्या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या. कुठल्यातरी शेडमध्ये ताडपत्रीखाली असतील. कुणी फाइल उघडली तर मी टेबल द्यायला तयार आहे.

तर त्या ऑक्टोबरातली शर्यत संपली. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला, गाड्या शेवटची सावकाश फेरी मारून आत यायला लागल्या. मी गेटपाशी मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस. एकविसावी येईना. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पडद्यावर नाव आजोबांचं. पोटात गोळा आला. कंट्रोल रूममधून वायरलेसवर विचारलं, शेवटची गाडी कुठे आहे, बंद पडली का? मागच्या वळणावरच्या मार्शलचा आवाज आला, ‘‘बंद नाही पडली. प्रत्येक चौकीपाशी थांबतोय आणि सगळ्यांना हात करतोय. आमच्यापाशी आत्ताच येऊन गेला. अजून चार चौक्या आहेत, वेळ लागेल.’’