घाट गॅरेजात आणणारं यंत्र

(जालन्यात गॅरेजवाले, पिकअपचालक आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चाळीसगावकडून कन्नडला चढणारा घाट इथल्या पिकअपवाल्यांना पाठ आहे. जाताना आपण मोसंबी घेऊन उतरतो, येताना खानदेशातली केळी भरून चढतो. गाडीची खरी परीक्षा येताना होते. काही वर्षांपूर्वी माझी पिकअप त्या घाटात दम टाकायला लागली. तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यात आली, मग वळणावर पहिल्यात. मागे काळा धूर. सपाटीला लागली की पुन्हा बरी. रिकामी असली की तर अगदी ठणठणीत.

मी डिझेलचं काम करणारा माणूस. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला. मग डिझेलचा पंप काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापात बसवायला दिला, डिझेल फवारणारे नोजल नवे टाकले. 18 हजार गेले. पुढच्या खेपेला त्याच वळणावर गाडी पुन्हा पहिल्यात.

ज्याने पंप केला त्याने गॅरेजात उभ्या गाडीला रेस देऊन दाखवली. ‘बघा, आवाज कसा मोकळा आहे!’ आवाज मोकळाच होता. पण उभ्या गाडीच्या इंजिनाला ओढायला काय असतं? स्वतःचं फ्लायव्हील, म्हणजे त्याचं जड चाक, बस. माल नाही, चढ नाही. भार पडल्यावरच दिसणारा आजार बिनभाराच्या रेसमध्ये दिसत नाही. एवढी एक गोष्ट कळायला मला 18 हजार आणि दोन महिने लागले. आज ती तुम्हाला नीट सांगायची आहे, कारण आपल्या भागात अशा किती पंपांची विनाकारण उलथापालथ होते ते मी रोज बघतो.

भार देऊन इंजिन मोजायचं यंत्र म्हणजे डायनमोमीटर. त्या धंद्यातले लोक त्याला डायनो म्हणतात. त्याची मूळ कल्पना 200 वर्षांची आहे. 1821 साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळे आवळले, ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडला आणि दांड्याच्या टोकाला वजन लावलं. शाफ्ट दांड्याला आपल्याबरोबर फिरवू बघतो, वजन त्याला धरून ठेवतं. जेवढ्या वजनाला दांडा तोलून राहिला, तेवढी त्या शाफ्टची ओढ. आपल्या हातातल्या पान्ह्याचाच हिशेब आहे हा. एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला 20 किलो टांगले तर नटावर 20 किलो-मीटर टॉर्क आला (किलो गुणिले मीटर, अंतराचं किलोमीटर नव्हे). न्यूटन-मीटरमध्ये म्हणायचं तर सुमारे 196.

टॉर्क म्हणजे ओढ, आणि अश्वशक्ती म्हणजे ती ओढ किती वेगाने काम उरकते ते. इथल्या जुन्या माणसांनी मोट पाहिली असेल. समजा मोटेसकट पाण्याचं वजन 75 किलो आहे आणि बैल धावेवरून उतरताना ती एका सेकंदाला एक मीटर वर येते, तर ती झाली बरोबर एक मेट्रिक अश्वशक्ती. जेम्स वॅटने विलायती मापात जी ठरवली ती हिच्याहून किंचित मोठी, 746 वॅट. आपली मेट्रिक 735 वॅटची. दोन कागदांवर दोन आकडे दिसले तर आधी माप कोणतं ते बघा.

हिशेब सोपा आहे. टॉर्क किलो-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, 716 ने भागा. 1500 आरपीएमला 20 किलो-मीटर ओढ असेल तर 42 अश्वशक्ती झाल्या. 3200 ला ओढ 14 पर्यंत उतरली तरी आकडा 63 च्या आसपास जातो. म्हणजे ओढ कमी झाली आणि अश्वशक्ती वाढली! जाहिरातीत मोठ्या अक्षरात अश्वशक्तीच असते. पण केळी भरलेली गाडी घाटात 3200 वर कोण पळवतो? तिथे इंजिन 1500 ते 2000 मध्येच घुटमळत असतं. पिकअप घेणाऱ्याने 1500 ला ओढ किती आहे ते आधी विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

तर मी गाडी पुण्याला नेली. तिथे एका वर्कशॉपमध्ये गाडीसकट मोजणारा डायनो होता. मागची चाकं जमिनीतल्या दोन रोलरांवर चढवतात, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळतात. काही डायनोंवर नुसता जड रोलर असतो. गाडीने त्याला किती लवकर वेग दिला त्यावरून ताकद काढतात. दुसऱ्या प्रकारात रोलरला एडी करंटचा ब्रेक असतो. लोखंडी चकती चुंबकात फिरते, चुंबक तिला अडवतो, ताकदीची उष्णता होऊन जाते. कॉइलमधली वीज वाढवली की अडवणं वाढतं. आजार शोधायला हा दुसरा प्रकार हवा. कारण त्यात इंजिन 2000 वर धरून ठेवता येतं, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, बराच वेळ. घाट जसा धरून ठेवतो तसं.

पेट्रोल गाडीला आरपीएम घ्यायला प्लगची वायर असते, डिझेलला ती नाही. नव्या गाड्यांत ओबीडीच्या, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटमधून आकडा मिळतो. माझ्या जुन्या गाडीत सॉकेटच नव्हतं. तिथल्या पोराने इंजिनाबरोबर फिरणारी क्रँक पुली चिंधीने पुसली, नखाएवढी चकाकणारी पट्टी तिच्यावर चिकटवली आणि समोर प्रकाशाचा सेन्सर धरला. टायरमधली हवा तपासली, इंजिन पूर्ण तापू दिलं, समोर मोठा पंखा लावला. गियर चौथा. आमच्या पाचगियरी बॉक्समध्ये चौथा सरळ असतो, एकास एक, म्हणून मोजणीला तोच बरा.

पहिली फेरी. पडद्यावर रेष 1500 पर्यंत छान चढली आणि 1800 ला मान टाकली. सगळ्यात वरचा आकडा 39 अश्वशक्ती. कागदावर माझी गाडी 63 ची. इथे घाई करू नका. कागदावरचा आकडा नुसतं इंजिन बेंचवर बांधून, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत, ठरलेल्या नियमाने काढलेला असतो. चाकापर्यंत येताना गियरबॉक्स, जॉइंट, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेतात. तो साधारण 15 टक्क्यांच्या आसपास धरतात, पण गाडीगाडीत फरक पडतो. 63 मधून 52-53 आले असते तर मी गप्प बसलो असतो. 39 म्हणजे घरात चोर.

मग त्या पोराने गाडी 2000 वर धरली आणि मला बाजूने कान द्यायला सांगितलं. बाजूने, हं. पट्टा तुटला तर गाडी पुढे येते, म्हणून समोर कधी उभं राहायचं नाही. इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक फुस्स ऐकू आलं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो आणि इंटरकूलर ती हवा वाटेत थंड करतो; त्या इंटरकूलरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, क्लिपच्या कडेला, खालच्या अंगाला, बोटभर चीर होती. हाताने दाबली तर मिटलेली. टर्बोची हवा भरली की ओठासारखी उघडायची. हवा बाहेर, डिझेल मात्र पूर्ण आत. म्हणून काळा धूर, म्हणून दम नाही. आणि रिकाम्या गाडीत टर्बो दाब धरतच नाही, म्हणून तेव्हा सगळं ठीक.

होज बदलला. त्याच रोलरवर, त्याच दिवशी, त्याच पट्ट्यांत दुसरी फेरी घेतली: 52. आकड्यापेक्षा मला रेषेचा आकार आवडला. 1800 ची ती पडलेली मान सरळ झाली होती. दोन्ही रेषांचा हा कागद मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.

त्याच दिवशी, त्याच रोलरवर, यावर मी एवढा जोर का देतोय? आपल्याकडे मे महिन्यात 42 अंश असतात. 25 अंशांच्या हवेपेक्षा ती 5 टक्के विरळ. त्यात छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब आणखी सहा टक्क्यांच्या आसपास कमी. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी भरते, म्हणून डायनोचा संगणक मोजलेल्या आकड्याला एक गुणक लावून तो सुधारतो. आयएसओ 1585 चा आंतरराष्ट्रीय नियम 25 अंश आणि हवेचा दाब 99 किलोपास्कल धरतो. टर्बो डिझेलला हा गुणक पेट्रोलपेक्षा कमी लागतो, कारण विरळ हवेची तूट टर्बो बरीचशी भरून काढतो. ऑपरेटरने चुकून पेट्रोलचा गुणक ठेवला की कागदावर फुकटची ताकद येते. पट्टे जास्त आवळले, टायरमध्ये हवा कमी असली की आकडा पडतो. इंटरकूलर तापला की तिसरी फेरी पहिलीपेक्षा कमी येते. म्हणून दोन शहरांतल्या दोन डायनोंचे आकडे एकमेकांसमोर ठेवून भांडू नका. एकाच डायनोवरचा आधी आणि नंतर, एवढंच धरा.

मघाशी एका दादांनी विचारलं, 20 अश्वशक्ती वाढवणारा डबा बसवावा का. बसवू नका. तो डबा डिझेल वाढवतो. एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि भरल्या गाडीत घाटात ते दहा-दहा मिनिटं चढलेलंच राहतं. पिस्टन आणि टर्बो तिथे जातात. डायनोवरची नेहमीची फेरी काही सेकंदांची, तिथे हे दिसत नाही. शिवाय कंपनीने ठरवलेली गाडी अशी बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे. उद्या अपघात झाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

प्रत्येकाने पुण्याला जावं असं मी म्हणत नाही. सरळ, सपाट, मोकळा रस्ता निवडा. तीच गाडी, तोच माल, तोच गियर. ताशी 40 वरून 60 वर जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजायचं, जाताना आणि येताना, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जाईल. मालासकट अडीच हजार किलोच्या गाडीला आठ सेकंद लागले तर नुसता वेग वाढवायलाच 33 अश्वशक्ती खर्च झाल्या. वारा आणि टायर यांचा वाटा त्याच्यावर. आकडा पक्का नाही, पण वहीत तारखेनिशी लिहिलात तर सहा महिन्यांनी आठाचे अकरा झालेले तुम्हाला घाटाच्या आधी कळतील. पंप खोलायचा की नाही, हे मी आता त्या वहीत बघून ठरवतो.

आणि होजसाठी तर डायनोही लागत नाही. टर्बोच्या तोंडाला बूच, दुसऱ्या टोकाला कंप्रेसरची नळी, दाब टर्बोच्या कामाच्या दाबाएवढाच, एक बारच्या आसपास. होजवर साबणाचं पाणी. मी तो जुना चिरलेला होज सोबत आणलाय आणि बाहेरच्या पिकअपला बसवून ठेवलाय. चला, पोरांनो, कंप्रेसर सुरू करा. बुडबुडे कुठून येतात ते तुम्हीच शोधून मला दाखवा.