चिमणरावांच्या घरी फास्टर फेणे

मंडळी, मी आणि माझी मैत्रीण मिळून चिमणराव आणि फास्टर फेणे यांना एकाच गोष्टीत आणतोय. क्रॉसओव्हर, म्हणजे दोन वेगळ्या पुस्तकांतली पात्रं एकत्र, म्हटलं की सगळे आधी विचारतात कोण भारी पडणार, पण आम्हाला पहिल्याच पानावर वेगळाच प्रश्न आडवा आला, ही गोष्ट सांगणार कोण? बघा ना, चि. वि. जोशींचे चिमणराव स्वतः 'मी' म्हणून बोलतात आणि भा. रा. भागवतांचा बन्या, म्हणजे आपला फास्टर फेणे ऊर्फ फाफे, त्याची गोष्ट बाहेरून कुणीतरी सांगतं. आता सायकलवरचा पाठलाग चिमणरावांच्या तोंडी दिला की तो पाठलाग राहतच नाही, नुसती धांदल होते, आणि बाहेरून सांगायला जावं तर चिमणराव फक्त भित्रे दिसतात, सगळी मजा गेली. टोन टोन म्हणतात तो इथे असतो. विनोद इतका आणि थरार इतका असं मापून तो जमत नाही.

आमच्यात वाटणी अशी होती की बन्या मैत्रिणीचा आणि चिमणराव माझे. तिने लिहिलं, वाड्यात चोर शिरला आणि चिमणराव घाबरून पलंगाखाली लपले. मी रात्री साडेअकराला फोन करून अर्धा तास भांडलो. अगं ते पलंगाखाली जातील, शंभर टक्के जातील, पण लपलो असं कधीच म्हणणार नाहीत, चपला शोधत होतो म्हणतील! तिला पटलं. मग तिने मला धरलं, कारण मी फुरसुंगीच्या त्या पोराच्या तोंडी मोठ्या माणसांचे टोमणे घातले होते. म्हणाली, बन्या टोमणे मारत बसत नाही, त्याला काहीतरी दिसतं, तोंडाने त्याचा तो ट्टॉक आवाज करतो आणि सायकलवर टांग टाकून निघतो. काय दिसतं पण? तर चिमणरावांच्या चपला खरंच जागेवर नाहीत, चोर त्याच घालून पळालाय! म्हणजे त्यांची थाप हाच बन्याचा पहिला धागा. हे आम्हा दोघांपैकी एकालाही एकट्याने सुचलं नसतं, मी खात्रीने सांगतो.

तेव्हापासून नियम केला, नाही म्हणायचा हक्क ज्याचं पात्र त्याचा, पण नुसतं नाही चालणार नाही, बदली वाक्य द्यायचं. आणि घरातलं सगळं चिमणराव सांगतात, सायकल वाड्याबाहेर पडली की निवेदन बदलतं.

इंग्लंडमधल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळातल्या लेखकांनी तर १९३३ मध्ये 'आस्क अ पोलिसमन' या एकत्र लिहिलेल्या कादंबरीसाठी आपापले डिटेक्टिव्हच अदलाबदल केले होते, डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी अँथनी बर्कलीने लिहिला आणि त्याचा रॉजर शेरिंगहॅम तिने. केवढा विश्वास लागतो हो याला! आम्ही एका प्रकरणापुरतं करून पाहिलं. तिने लिहिलेल्या चिमणरावांनी बन्याला घरी जेवायला ठेवून घेतलं आणि गुंड्याभाऊंच्या पराक्रमाचं श्रेय स्वतःकडे घेतलं, मी एक अक्षर बदललं नाही.

त्याच क्लबच्या १९३१ च्या 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल'मध्ये प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहायचं होतं, पण लिहिताना आपल्या मनातलं उत्तर पक्कं असलंच पाहिजे असा दंडक होता, म्हणजे उगाच गुंता करून पुढच्याच्या गळ्यात टाकायचा नाही. तो आम्ही उचललाय. शेवटचं प्रकरण अजून व्हायचंय, चोर कोण ते दोघांनी दोन चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलंय. माझी तिच्याकडे आहे, तिची माझ्याकडे.